तिमाक्काची वस्ती

निंबारीच्या माळाला रस्ता नव्हता आणि गावात एकही विहीर नव्हती, त्या काळची ही गोष्ट. बायका दोन कोस चालून ओढ्यातून पाणी आणत. तेव्हा पाटलानं विहीर खोदायला दगड फोडणाऱ्यांची बिऱ्हाडं बोलावली. त्यांची म्होरकी तिमाक्का. तिची पहार दोन गड्यांनाही उचलवत नसे, असं म्हणतात.

गावाबाहेरच्या माळाकडे बोट करून पाटील म्हणाला, "तिथं वस्ती करा."

तीन वर्षं त्यांनी खडक फोडला. दरड अंगावर येऊन तिमाक्काचा नवरा हणमा विहिरीतच गेला. तिनं त्याला माळावर पुरलं आणि पुन्हा पहार धरली. अखेर साठ हातांवर पाणी लागलं. गावानं गुलाल उधळला, ताशे वाजवले. तिमाक्का घागर घेऊन पायऱ्यांशी गेली, तर पाटलानं काठी आडवी धरली.

"तुमचं काम झालं. आता निघा."

"निघा? तुम्हीच म्हणालात ना, वस्ती करा?"

पाटील हसला. "अगं, वस्ती म्हणजे मुक्काम. वाटसरू देवळात करतो तसा. गाव वेगळं, वस्ती वेगळी."

तिमाक्काच्या मस्तकात तिडीक गेली. त्या पायऱ्यांचा एकेक दगड तिनं घडवला होता.

"माझ्या सुनांची बाळंतपणं या माळावर झाली, पाटील. माझा माणूस इथल्या मातीत आहे. वसणं आणखी काय असतं? तुमचे पणजोबा इथं आले, तेव्हा गाव त्यांची वाट बघत उभं होतं का? तेही वस्तीलाच आले होते!"

सारा गाव ऐकत होता. तिच्या विहिरीचं पाणी पिऊन नुकतीच ओली झालेली ती तोंडं. सगळी दुसरीकडे वळली. लाज वाटावी अशी ती गोष्ट!

तिमाक्का रिकामी घागर घेऊन माळावर परतली. हणमाच्या उशाशी खडक होता. त्यावर तिनं पहार घातली. सातव्या घावाला खडक दुभंगला आणि पुरुषभर उंच पाणी उसळलं. त्याच घटकेला गावची विहीर तळाला गेली, असं म्हणतात.

चौथ्या दिवशी खुद्द पाटलीणबाई घागर घेऊन माळावर आली. तिमाक्काच्या मुलांनी दगड उचलले. तिमाक्कानं त्यांना हातानंच थांबवलं.

"पाणी घे, बाई. पण कुठं आलीस ते सांग."

पाटलीणबाईनं मान खाली घातली. "तुमच्या गावात आले, आक्का."

"गाव नको म्हणूस. वस्तीच म्हण. आम्ही इथं वसलोय."

पुढे सरकारी कागदांवर त्या जागेला 'नगर' म्हणायचं ठरलं, तर लोकांनी पाटीच लावू दिली नाही. आज तिथं चारशे घरं आहेत. दर चैत्रात तिमाक्काच्या नावानं झरा उपसतात, आणि पहिली घागर वस्तीत सर्वांत शेवटी आलेल्या घरी जाते. ते घर काल आलेलं असलं, तरी तिथंच. त्या घरचं शेवटचं माणूस पाणी पिऊन होईपर्यंत, तुम्ही कोण, कुठले, हे कुणी विचारायचं नाही.