सहा शीटांची गाठ

प्लायवूडच्या कारखान्यात रखमाजी मिस्त्री खऱ्या सागाचे पातळ पापुद्रे शीटांवर चिकटवायचा. बंगला बांधणारे सबनीससाहेब माल बघायला आले. लाकडातलं ओ का ठो कळत नव्हतं, पण तोरा मोठा. म्हणाले, “एका शीटची नक्षी दुसऱ्यासारखी नाही. साग नकली आहे. माल परत, आणि या मिस्त्रीला घरी बसवा.” मालक लगेच मान डोलवायला लागला.

रखमाजीने दुसरी सहा शीटं आणून मांडली. “ही कशी वाटतात, साहेब?”

“हा अस्सल साग. मला शिकवू नकोस.”

“मग ही गाठ बघा. सहाही शीटांवर त्याच जागी, केसभर सरकलेली नाही. एवढी शिस्त झाडाला नसते साहेब, छापखान्याला असते. हा छापील कागद आहे.”

साहेबांनी बोट फिरवून बघितलं. मग पहिल्या मालाकडे वळून म्हणाले, “हाच भरा गाडीत.”