रंगाऱ्यांचं गाव आणि डोंगरातलं कढत पाणी

खूप जुनी गोष्ट. किती जुनी ते विचारू नका, कारण त्या काळी वर्षं मोजत बसायला कुणाला सवडच नव्हती. लहान असाल तर मांडी घालून बसा, मोठे असाल तर भिंतीला टेकून बसा. मधेच "मग काय झालं?" असं मात्र विचारू नका, मला राग येतो. सगळं सांगणार आहे.

एका काळ्या डोंगराच्या पायथ्याशी रंगाऱ्यांचं गाव होतं. तिथला लाल रंग साऱ्या मुलखात नावाजलेला. लग्न कुठेही असो, नवरीचं लाल वस्त्र याच गावचं. हा लाल रंग मंजिष्ठेच्या वेलीच्या मुळ्यांपासून निघायचा, आणि तो मोठा मानी होता बरं का! पाणी कोमट असलं की कापडावर चढायचा नाही, पाणी उकळलं की तपकिरी पडायचा. त्याला कढत पाणी लागायचं, तेही दिवसभर एकसारखं.

पाणी कढत ठेवायचं म्हणजे जाळ हवा. डोंगराच्या पोटात काळा दगड होता, तो जळायचा. खाणकरी तो खणून काढत, बैलगाड्यांतून गावात आणत, आणि शंभर भट्ट्यांवर शंभर हंडे तापत. पिढ्यान् पिढ्या असंच चाललं होतं. काळ्या दगडाने गावाला पोटभर जेवू घातलं, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर तुम्ही लगेच त्याला नावं ठेवायला लागाल.

पण भट्ट्या वाढल्या, तसा धूर वाढला. वाळत घातलेल्या कापडावर काजळी बसायची, ते पुन्हा धुवावं लागायचं. सकाळी अंगणात सडा घातला की दुपारपर्यंत तो काळा. आणि पोरंबाळं खोकायची. गावात चिमाक्का नावाची एक म्हातारी रंगारीण होती. हात कोपरापर्यंत लाल आणि जीभ त्याहून तिखट. तिची पाच वर्षांची नात इतकी खोकायची, की खोकता खोकता निळी पडायची. चिमाक्का साऱ्या गावाशी भांडायची, पण नातीच्या खोकल्यापुढे तिनेही हात टेकले होते.

त्या मुलखाची राणी शहाणी होती. एकदा डोंगराच्या मागच्या अंगाला जाताना तिला एक धनगरीण दिसली. ती पोतडीत तांदूळ बांधून एका कुंडात सोडत होती. थोड्या वेळाने पोतडी वर काढली, तर आत भात शिजलेला! खाली ना चूल, ना जाळ. राणीने तोंडात बोट घातलं.

"हे पाणी कायम असंच असतं का गं?" तिने विचारलं.

"माझ्या आजीच्या आजीनंही इथंच भात शिजवला, राणीसाहेब," धनगरीण म्हणाली. "डोंगर तापवतो, आम्ही खातो."

राणीने त्या कुंडापासून गावापर्यंत दगडी पाट बांधायला घेतला. वर फरश्या, फरश्यांवर भुसा आणि माती, म्हणजे वाटेत पाणी निवायला नको. दोन वर्षं गाव राबलं. शेवटी कढत पाणी गावात आलं, रंगाऱ्यांनी आपापले हंडे त्या पाटात बसवले, मंजिष्ठेची पूड टाकली, आणि कापड बाहेर काढलं. अहाहा! असा लाल रंग भट्टीवरही कधी चढला नव्हता. जाळ कमीजास्त होण्याची भानगडच उरली नाही. भट्ट्या विझल्या. महिनाभरात आभाळ धुतल्यासारखं झालं, आणि चिमाक्काची नात गाढ झोपायला लागली.

इथे गोष्ट संपली असती तर मला फार आवडलं असतं. पण माणसं आहेत ना आपण!

त्या गावात एक रीत होती. हंडा झिजून गळायला लागला, की त्याला परसात पालथा घालायचा, आणि एकदा पालथा घातला की त्याला कुणी हात लावायचा नाही. तळाचा जुना रंग नव्यात उतरला तर कापड बिघडतं, म्हणून कुणा जाणत्याने ही रीत घातली असेल. हंड्यांपुरती ती चांगलीच होती. गावकऱ्यांनी काय करावं? तीच रीत खाणीला लावली!

"खाणीचं काम संपलं. तिला पालथी घाला!" सगळे ओरडले.

ढोल वाजवत माणसं डोंगरावर गेली, आणि एका दिवसात खाणीचं तोंड दगड-चुन्याने बुजवून टाकलं. खाणकरी बाजूला उभे राहून बघत होते. कुणी त्यांच्याशी बोललं नाही. उलट चिमाक्काच मोठ्याने म्हणाली, "गेला एकदाचा हा काळा धंदा! या लोकांनी आमच्या लेकरांच्या छातीत धूर भरला." राणीने खाणकऱ्यांच्या घरी वर्षभराचं धान्य पाठवलं, आणि आपलं कर्तव्य झालं असं समजून ती राजवाड्यात परतली.

एक पावसाळा गेला. लग्नसराई तोंडावर आली, घराघरात कापडाचे ढीग लागले. आणि पाटातलं पाणी कोमट झालं.

आधी वाटलं, एखाद्या दिवसापुरतं असेल. पण पाणी रोज थोडं थोडं निवत गेलं. हंड्यात कापड बुडवलं, तर फिकट गुलाबी, तेही ठिगळाठिगळाचं. फरश्या उचलून पाहिल्या, भुसा बदलला, कुंडाची पूजा केली. काही उपयोग नाही. रंगाऱ्यांचं धाबं दणाणलं. मुलखातल्या नवऱ्या वाट बघत होत्या, आणि एकदा गावाचं नाव गेलं की ते परत येत नाही.

पंच राणीकडे गेले. "राणीसाहेब, आठ दिवस वाट बघतो," ते म्हणाले. "आठ दिवसांत पाणी तापलं नाही, तर नदीपलीकडून काळा दगड विकत आणू आणि भट्ट्या पेटवू. आमचाही नाइलाज आहे."

चिमाक्काने हे ऐकलं. भट्ट्या पेटल्या म्हणजे धूर आला, धूर आला म्हणजे नातीचा खोकला आला. ती रात्रभर निजली नाही. उजाडताच ती थेट राणीपुढे उभी राहिली.

"राणीसाहेब, कुंडाला विचारून झालं, देवाला विचारून झालं. डोंगराच्या पोटात जन्म काढलेल्या माणसांना कुणी विचारलंय का?"

राणी उठून उभी राहिली. मग म्हणाली, "नाही, आक्का. त्यांना धान्य दिलं, पण विचारलं काहीच नाही."

दोघी निघाल्या. गावाबाहेर खाणकऱ्यांच्या वस्तीत पाहतात, तर गाड्या जुंपलेल्या, भांडीकुंडी वर चढवलेली, कोंबड्यासुद्धा टोपलीखाली कोंडलेल्या. सगळी वस्ती नदीपलीकडच्या मुलखात चालली होती. त्यांचा म्होरक्या खेमा नाईक पुढच्या गाडीवर बसला होता. पांढऱ्या मिशा, आणि बोटांच्या पेरांत कायमची बसलेली काळी रेघ.

"नाईक, खाली उतरा," चिमाक्का म्हणाली. "बैल सोडा."

"कशाला, आक्का?" खेमा शांतपणे म्हणाला. "आम्ही तुमच्या गावचे पालथे हंडे. पालथ्या हंड्याला हात लावायचा नाही, ही रीत तुमचीच ना?"

चिमाक्काने पुढे होऊन बैलाची वेसण धरली. तिचे डोळे भरून आले.

"चुकलं माझं, नाईक," ती म्हणाली. "माझी लेक जन्मली तेव्हा आठ दिवस पाऊस थांबला नव्हता. बैल चिखलात रुतत होते. तुम्ही डोक्यावर टोपल्या घेऊन दगड आणलात, म्हणून माझी बाळंतिणीची खोली उबदार राहिली. ती लेक जगली, तिचीच पोर म्हणजे माझी नात. चाळीस वर्षं तुमच्या उबेवर माझं घर चाललं, आणि मी तुम्हाला साधं 'बरं केलंत' म्हटलं नाही. वर चारचौघांत बोल लावले."

राणीही पुढे झाली. "नाईक, चूक माझीही आहे. नवं आणायच्या घाईत मी जुन्या माणसांकडे पाठ फिरवली. तुम्हाला जायचं असेल तर मी अडवणार नाही. पण एवढं सांगा, पाणी का निवलं?"

खेमाने हातातला कासरा बाजूला ठेवला. मग तो गाडीवरून उतरला, पाटापाशी गेला, पाण्यात हात घालून उभा राहिला, आणि ओंजळीतलं पाणी चाखून पाहिलं.

"हे खाणीतलं पाणी आहे," तो म्हणाला. "डोंगर सगळीकडून झिरपतो, राणीसाहेब. ते थंडगार पाणी बाहेर जायला आत एक मोरी आहे, माझ्या पणज्यानं खोदलेली. ती रोज गाळानं भरते. आम्ही सकाळी आत गेलो की आधी मोरी काढायचो, मग दगडाला हात. आमचे पाय कोरडे राहावेत म्हणून करायचो हो, तुमच्या कुंडासाठी नव्हे. आता तोंड बुजलं, मोरी तुंबली. थंड पाणी जागा शोधत शोधत कढत पाण्याच्या वाटेत शिरलं असणार."

राणी आणि चिमाक्का एकमेकींकडे बघतच राहिल्या. त्यांचं नवं पाणी कढत राहात होतं ते याच लोकांच्या रोजच्या कष्टांमुळे, आणि गावाला त्याचा पत्ताच नव्हता!

"मग मोरी काढता येईल?" राणीने विचारलं.

"येईल. पण तोंड फोडावं लागेल. पालथं घातलेलं पुन्हा उघडावं लागेल. गावाला चालेल का?"

गावाला कुठलं चालायला! पंच कुरकुरले, म्हातारे माना हलवू लागले. अपशकुन होईल म्हणाले. चिमाक्का कुणाशी वाद घालत बसली नाही. तिने लोहाराच्या दारातला घण उचलला, डोंगर चढली, आणि धापा टाकत खाणीच्या भिंतीसमोर उभी राहिली. मागोमाग आलेल्या खेमाने भिंतीला कान लावला, दगडावर बोटाने टकटक केली आणि म्हणाला, "पाणी आत उतारावर साचलंय, छातीइतकं, भिंतीपर्यंत नाही. घाला घाव." म्हातारीने घण घातला. दगड काही हलला नाही, पण तिला बघून चार रंगारी पुढे आले, मग चाळीस आले. दुपारपर्यंत भिंत पडली.

तीन दिवस खाणकरी आत जात होते. छातीइतक्या गार पाण्यात उभं राहून, हातांनी चाचपत गाळ उपसायचा. प्रत्येकाच्या कमरेला दोर, आणि बाहेर दोर धरून रंगारी. कुणाचे हात लाल, कुणाचे निळे, कुणाचे हळदीसारखे पिवळे. आतून दोराला हिसका बसला की बाहेरच्यांचा जीव वरखाली व्हायचा. ज्यांच्याशी कधी बोलले नव्हते, त्यांची नावं ते तीन दिवसांत शिकले, कारण नाव घेऊन हाक मारल्याशिवाय आतला माणूस ओ देत नसे.

तिसऱ्या दिवशी मोरी सुटली. डोंगराच्या पलीकडच्या दरीत थंड पाण्याचा लोंढा धो धो कोसळला. सगळे बाहेर आले, पण खेमा नाईक दिसेना. त्याचा दोर सैल पडला होता. चिमाक्का ओरडली, "नाईक! अहो खेमा नाईक!" आतून काहीच नाही. मग बऱ्याच वेळाने खोकल्याचा आवाज आला, आणि चिखलाने माखलेला म्हातारा भिंत धरत धरत बाहेर आला.

"ओरडता किती, आक्का," तो म्हणाला. "लोंढ्यात पाय घसरला, दोर सुटला. मोरीत शेवटचा एक धोंडा अडकला होता, तो काढल्याशिवाय कसा येऊ?"

साऱ्या गावाला हसू आणि रडू एकदमच आलं.

पाटातलं पाणी हळूहळू तापलं. सातव्या दिवशी चिमाक्काने हंड्यात पहिलं कापड सोडलं. बाहेर काढलं तर तोच लाल रंग, अगदी नवरीच्या वस्त्राचा. ते कापड तिने वाळवलं, आणि कुठल्या नवरीकडे न पाठवता साऱ्या गावासमोर खेमा नाईकाच्या डोक्याला स्वतःच्या हातांनी बांधलं. मग ती त्याच्या पाया पडायला वाकली. त्याने तिला अर्ध्यातच धरलं, पण तोवर तिच्यामागे सगळं गाव वाकलं होतं, आणि गावामागे राणीसुद्धा.

खाणकऱ्यांचे बैल सुटले, कोंबड्या टोपलीबाहेर आल्या. त्या दिवसापासून मोरी, कुंड आणि पाट या तिन्हींची राखण खाणकऱ्यांकडे आली. राणीने मुलखात दवंडी पिटवली, की इथून पुढे कुठलीही भट्टी विझवायची असेल, तर आधी तिच्याजवळ राबलेल्या माणसांना समोर बसवून विचारायचं, आणि नव्या कामात पहिली जागा त्यांची. त्या गावात पुन्हा धूर झाला नाही. चिमाक्काची नात मोठी होऊन रंगारीण झाली, आणि म्हणतात की जीभ आजीपेक्षाही तिखट निघाली.

एकदा कुणीतरी त्या काळ्या दगडाला शिवी दिली, तेव्हा खेमा नाईक रागावला. "शिव्या कसल्या देता?" तो म्हणाला. "थंडीवाऱ्यात त्यानं आपल्याला सांभाळलं. पुष्कळ केलं त्यानं. आता त्याला डोंगरात सुखानं निजू द्या, आणि आपण आपल्या कामाला लागू."

तात्पर्य: जुनं सोडायची वेळ आली की ते जरूर सोडावं, पण ते वाहून आणणाऱ्या हातांचे आभार मानून आणि त्यांना सोबत घेऊनच नव्याकडे जावं.