मिरजेच्या डावऱ्याचा वेल

“पण चाचा, मीच का भोपळा न्यायचा? एकदाच तर शून्यावर गेलो.”

गफूरचाचा वेलाला पाणी घालत राहिले.

वाघेरीच्या क्रिकेट क्लबात नियम चाचांनीच घातलेला. शून्यावर बाद झाला, की लाल भोपळा डोक्यावर घ्यायचा आणि भर बाजारातून चालत घरी जायचं. नाही नेला, तर पुढच्या सामन्याला संघात जागा नाही.

रणधीर निंबाळकर सात वर्षं खेळला, पण त्याच्या डोक्यावर टोपीखेरीज काही चढलं नव्हतं. हे तो चारचौघांत सांगायचाही. काल एका किडकिडीत फिरकीवाल्याने पहिल्याच चेंडूवर त्याची मधली दांडी उडवली. रणधीर तसाच मोटारसायकलवर बसून पसार. भोपळा मैदानातच राहिला, तो चाचांनी उचलून आणला.

आणि रविवारी अंतिम सामना.

“तुमचा नियम आहे. तुम्ही मोडू शकता.”

चाचांनी झारी खाली ठेवली, काठी घेतली.

त्यांचा मांडव म्हणजे गावातलं नवल. एक वेल कौलांवरून उतरून रस्त्यापलीकडे गेलेला. दुसरा विजेच्या खांबावर चढलेला, आणि वायरमन चाचांना विचारल्याशिवाय तारेला हात लावत नसे. खाली भोपळे असे लोंबत होते, की उंट असता तरी वाकून गेला असता.

चाचांनी काठी एकेका वेलाला टेकवली. लेकांची ओळख करून द्यावी तसा थाट.

“हा मिरजेचा डावरा. दुसरा चेंडू.”

“हा पायचीत. अंपायर माझाच मेहुणा.”

“हा धावताना बूट सुटला तेव्हाचा.”

रणधीर बघतच राहिला. डोक्यावरून आणलेल्या प्रत्येक भोपळ्याचं बी म्हाताऱ्याने लावलं होतं.

“इतके… चाचा? माझा तर पहिलाच.”

“ठाऊक आहे. वेगवान गोलंदाज आला की तुझं मनगट दुखतं. मग तू सातव्या नंबरावर.”

रणधीरने मनगट पाठीमागे नेलं.



“आणि शतकं किती केलीत?”

“असतील. त्यांत बी निघालं नाही.”

रणधीरने पायरीवरचा आपला भोपळा उचलला, काखेत मारला आणि बाजाराच्या दिशेने वळला.

“रणधीर…”

तो थांबला.

“डोक्यावर घे. काखेतला विकत आणलेला वाटतो.”