गळ्यातली चिठ्ठी

एकदा एका झपाट्याने वाढणाऱ्या शहरात एक वृद्ध गुरुजी बांधकामांवर फिरून मजुरांच्या मुलांना शिकवीत असत. त्यांच्याबरोबर एक तरुण शिष्य असे. इमारत पुरी झाली की मजूर बिऱ्हाड उचलत. त्या दिवशी गुरुजी सुईदोरा घेऊन बसत. मुलाचे शिक्षण कुठवर आले ते चिठ्ठीवर लिहीत, ती कापडाच्या इवल्या पिशवीत शिवीत आणि काळ्या दोऱ्याने त्याच्या गळ्यात बांधीत. पुढच्या गावी मास्तरांना हे उघडून दाखवा, असे आईबापांना बजावीत. शिकल्यासवरल्या माणसाने हे गंडेदोरे करावेत, हे शिष्याला मुळीच पटत नसे. गुरुजी म्हणत, कागद हरवतो, ताईत कोणी टाकत नाही.

चार वर्षांनी अनसू नावाची मुलगी आईबापांबरोबर त्याच शहरात परत आली. आता ती दहा वर्षांची होती. गळ्यातली पिशवी घामाने काळी पडली होती, पण एक टाकाही उसवलेला नव्हता. शिष्य तिच्या आईवर चिडला. ताईत समजून हे उघडलेच नाही ना, असे त्याने तिला फटकारले.

आई शांतपणे म्हणाली, "गुरुजी म्हनले हुते, तिथल्या मास्तरला दावा. पाच गावं झाली, मास्तरच गावला न्हाई. मग म्हनलं, ऱ्हाऊ दे गळ्यात, लेकराला राखंल तरी."

गुरुजींनी टाके उसवले. आतल्या चिठ्ठीवर लिहिले होते: 'चार धडे झाले. अनसू हुशार आहे. पाचव्यापासून शिकवावे.' त्यांनी चिठ्ठी अनसूपुढे धरली. तिला त्यातला एक 'अ' तेवढा ओळखता आला.

गुरुजींचे डोळे भरून आले. ते शिष्याला म्हणाले, "त्या माउलीला बोलू नकोस. चूक माझी आहे. जिथे एवढी घरे उठतात तिथे एक शाळा असेलच, असे मी धरून चाललो. चिठ्ठ्या लिहीत राहिलो, वाचणारा आहे का हे पाहिले नाही. ज्या चिठ्ठीला वाचणारा नाही, तिचा ताईतच होतो."

आईने संकोचत पिशवी परत मागितली. शिष्याने सुईत दोरा ओवला. नव्या चिठ्ठीत काय लिहावे हे त्याला सुचेना, म्हणून जुनीच आत घालून त्याने टाके घातले.

मग अनसूचे आईबाप जिच्यावर कामाला होते, त्या समोरच्या इमारतीकडे त्याने पाहिले. बारांपैकी नऊ मजले चढले होते. मागे गुरुजी अनसूला पहिला धडा शिकवू लागले होते.