शिवेबाहेरचं मसण

महाराजांविरुद्ध बोलले म्हणून वकील त्र्यंबकरावांना हद्दपार करून डोंगरातल्या कातवडीत ठेवलं होतं. गावाची शीव ओलांडायची नाही, असा हुकूम होता. धुरपदा म्हातारी स्वतः अर्धपोटी राहून त्यांना नाचणीची भाकरी देई.

एकदा फौजदार येऊन गरजला, "राजद्रोह्याला जेवू घालतेस? आजपासून बंद! नाहीतर तुरुंगात टाकीन."

"बंद करते, सायेब," धुरपदा म्हणाली. "पर उपाशी मेले तर? आमचं मसण शिवेबाहेर हाय, नदीपल्याड. मढ्याला शीव वलांडायची परवानगी तेवढी आत्ताच लिहून द्या."

असा कागद फौजदार कसला लिहितोय! "घाल बाई जेवायला," म्हणत त्याने घोडा वळवला.

गाव हसलं. त्र्यंबकरावांची मान मात्र वर होईना. 'इथली माणसं अगदी मठ्ठ आहेत,' असं त्यांनी सकाळीच घरी लिहिलं होतं. ते पत्र अजून खिशात होतं.