सहा रुपयांचा बैल

फार फार मागची गोष्ट आहे. किती मागची, ते मला विचारू नका. मला वर्षं मोजता येत नाहीत आणि गोष्टीला त्यांची गरजही नसते. एका राज्याच्या सीमेवर एक गाव होतं आणि त्या गावात दर आठवड्याला गुरांचा मोठा बाजार भरायचा.

गावात एक हेडी राहायचा. हेडी म्हणजे गुरांचा व्यापारी. इकडचा बैल तिकडे विकायचा आणि मधले चार पैसे कमरेच्या कशात, म्हणजे पैशांच्या पिशवीत, टाकायचे, हा त्याचा धंदा. धंद्यात वाईट काही नाही. पण हा हेडी घासाघिशीत इतका पटाईत होता, की त्याच्याशी सौदा करायला येणारी माणसं घरून पोटभर जेवून यायची. मध्येच भूक लागली तर हार ठरलेली.

त्या बाजाराची एक रीत होती. भाव तोंडाने बोलायचा नाही. घेणाऱ्याने आणि विकणाऱ्याने हातात हात द्यायचा, वर उपरणं टाकायचं आणि आत बोटं दाबायची. एक बोट म्हणजे एक रुपया, अख्खा पंजा म्हणजे पाच. वर दोघं पावसापाण्याच्या गप्पा मारतायत आणि खाली बोटं भांडतायत. बघणाऱ्याला काही म्हणजे काही कळायचं नाही.

दुसरीही एक रीत होती, ती कुणी शिकवत नसे, पण सगळ्यांना यायची. जनावर मनात कितीही भरलं तरी तोंडावर दिसू द्यायचं नाही. उलट नावं ठेवायची. शिंग वाकडं आहे, खूर फाटलाय, चाल बरी नाही. तरी भाव उतरला नाही तर उपरणं झटकायचं आणि सरळ चालू लागायचं. दहा पावलांच्या आत मागून हाक यायची. हाक आली, की भाव उतरलेला असायचा.

हेडीच्या गोठ्यात जनावरं यायची आणि जायची. राहिला होता तो एकच बैल, कवड्या. अंगावर पांढरे ठिपके होते म्हणून कवड्या. त्याची आई भर बाजारात मेली, तेव्हा तो दोन दिवसांचा होता आणि त्याला फुकटही कुणी नेत नव्हतं. हेडीच्या बायकोने त्याला उचलून घरी आणलं, शेळीच्या दुधावर जगवलं. त्याला आता चौदा वर्षं झाली होती. रोज संध्याकाळी हेडी त्याच्या कुशीला पाठ टेकून बसायचा आणि आज बाजारात कुणाला कसं गुंडाळलं ते त्याला सांगायचा. कवड्या कान हलवत ऐकायचा. हेडीला मूलबाळ नव्हतं. हे मी सांगतोय, तो स्वतः कधी बोलला नाही.

एका बाजाराच्या दिवशी कुणाची तरी ओल्या, कोवळ्या हरभऱ्याची गाडी गोठ्याशेजारी उभी होती. कवड्याने दावं सोडवलं आणि तो त्या हिरव्या ढिगावर तुटून पडला. दुपारी हेडी घरी आला, तेव्हा बैलाची डावी कूस ढोलासारखी ताणली होती. तो बसायचा, उठायचा, मागच्या पायाने स्वतःच्याच पोटाला लाथ मारायचा. मान पुढे काढून तोंडाने श्वास घेत होता.

"अवो, बघत काय बसलाय? म्या वैद्यबाबास्नी आणते," बायको म्हणाली आणि तशीच अनवाणी पळाली.

ओढ्यापलीकडे गुरांचा एक म्हातारा वैद्य राहायचा. दूरच्या मुलखातून येऊन तिथे वसला होता. त्याचा भाव सगळ्यांना पाठ होता. सवडीने बोलावलं तर एक रुपया, पळत बोलावलं तर पाच आणि दुखणं वाढलेलं असेल तर त्याहून जास्त. गाव त्याला लुटारू म्हणायचं.

खोटं कशाला सांगू, पाच रुपये त्या काळी फारच होते. पाच रुपयांत दुभती शेळी यायची, वर करडू मिळायचं. पण वैद्याच्या दारात एक घोडं दिवसभर खोगीर चढवून उभं असायचं, दोन गडी नुसते हाकेची वाट बघत बसायचे, आणि तीन दिवस लांबच्या डोंगरातून आणलेली औषधं निम्मी वापराविना सडून जायची. ते सगळं त्या पाच रुपयांत येत होतं. ज्यांच्याकडे पाच रुपये नसत, त्यांची जनावरं डोळ्यांदेखत जात. त्यांचं दुःख फार मोठं आहे आणि ते मला या गोष्टीत बसवता येणार नाही. आपल्या हेडीचं तसं नव्हतं. त्याच्या कशात त्या दिवशी सकाळच्या सौद्याचे चोवीस रुपये होते.

वैद्य एका गड्याला सोबत घेऊन आला. घोड्यावरून उतरताच त्याने कवड्याच्या कुशीवर बोटांनी टिचक्या मारून पाहिल्या.

"ओल्या चाऱ्यानं पोट फुगलंय," तो म्हणाला. "औषध पाजतो आणि याला फिरवतो. घटकाभरात पोटातला वारा सुटेल. पाच रुपये होतील. पैसे मागाहून द्या, पण आधी हो म्हणा. या गावात जनावर उठून उभं राहिलं, की माणसं म्हणतात, आम्ही कुठं औषध मागितलं होतं?"

"व्हय म्हना, धनी," बायको रडत म्हणाली.

आता बघा, एक लहानसा शब्द होता. पण वैद्याने भाव तोंडाने सांगितला होता, तोही चारचौघांत! हेडीचं तीस वर्षं बाजारात मुरलेलं रक्त उसळलं. त्याने खांद्यावरचं उपरणं काढलं, वैद्याचा हात धरला, वर उपरणं टाकलं आणि दोन बोटं दाबली.

वैद्याने हात काढून घेतला. "मला औषध कालवायचंय हो. हात मोकळा लागेल."

"वैद्यबाबा, ह्यो बैल बाजारात नेला तर सा रुपयं येतील. सा रुपयांच्या बैलाला पाचाचं औशध? दोन घ्या."

"बैल सहाचा असेल. औषध पाचाचंच आहे."

"अडीच."

"आधी जनावराकडे बघा."

"बघतोय की. तीन, आणि तुमच्या घोड्याला दाणा."

हे इतकं भराभर झालं असं समजू नका. हेडी प्रत्येक आकड्यानंतर थांबत होता, पान चघळत होता, आभाळाकडे बघत होता, कारण सौदा असाच करतात. गोठ्याच्या दाराशी चार माणसं जमली होती. कवड्या एकदा बसला तो उठेना. त्याची जीभ बाहेर आली होती.

वैद्य त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसला, पुन्हा कुशीवर हात ठेवला आणि त्याचा चेहरा बदलला.

"आता औषधानं भागायचं नाही," तो म्हणाला. "कुशीत चांदीची नळी घालून वारा काढावा लागेल. जखम भरेपर्यंत चार दिवस माझा गडी इथं राहील. आठ रुपये. आणि लवकर बोला."

हेडी मनात हसला. पाचाचे आठ! हा डाव त्याला चांगला ठाऊक होता. समोरचा घायकुतीला आलाय असं दिसलं, की विकणारा भाव चढवतो. ही सगळी बायकोची चूक, असं त्याला वाटलं. तिने रडून भाव वाढवून ठेवला होता. आता एकच उपाय होता, आणि तो त्याच्याइतका चांगला कुणालाच जमत नव्हता.

त्याने उपरणं झटकून खांद्यावर टाकलं, पानाची पिंक टाकली आणि मोठ्याने म्हणाला, "जाऊ द्या हो. म्हातारा झालाय त्यो. मेला तर मेला. दुसरा घीन."

त्याचा आवाज ऐकून कवड्याने मान वळवली. त्याला फार जोर लावावा लागला, पण वळवली.

वैद्य हेडीकडे बघत राहिला. "मनापासून बोलताय?"

"मनापासून. आपल्याला काय त्याचं?"

तेवढ्यात पुढच्या वाडीचा एक माणूस धापा टाकत आला. त्याची म्हैस अडली होती, पारडू निम्मं बाहेर होतं. वैद्याने पिशवीचं तोंड आवळलं.

"तुमचा बैल, तुमची मर्जी," तो हेडीला म्हणाला आणि गोठ्याबाहेर पडला.

बायकोने हाक मारायला तोंड उघडलं. हेडीने तिचा दंड धरला. "गप! हाक मारशील तर धा मागंल. दम धर. वळतोय बघ."

तो पावलं मोजू लागला. एक, दोन, तीन. पाचव्या पावलाला वैद्य थांबला, तेव्हा हेडीने बायकोकडे डोळा बारीक करून पाहिलं. पण वैद्य घोड्याचा पट्टा आवळायला थांबला होता. सात, आठ, नऊ. मागे कवड्याचा श्वास घरघरत होता. दहा. दहावं पाऊल झालं आणि वैद्य वळला नाही. बारा. पंधरा. वैद्य घोड्यावर बसला. वीस.

"धनी, त्यो हेडी न्हाई!" बायको ओरडली. "त्यो वैद्य हाय! त्याला तुमचं बोलनं खरं वाटलं!"

तेव्हा कुठे हेडीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ज्या मुलखातून हा म्हातारा आला होता, तिथे माणसं बोलायची तेच त्यांच्या मनात असायचं. तो वळणार नव्हता. तो वळतो कशाला?

हेडी पळत सुटला. डोक्यावरचं पागोटं वाटेत पडलं, ते त्याने उचललं नाही. पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस, पायात काटे मोडत होते तरी पळत होता आणि हाका मारत होता. बाजारातली माणसं सौदे सोडून बघत राहिली. ओढ्याच्या पाण्यात घोडं शिरलं होतं तिथे त्याने लगाम पकडला.

"आठ घ्या. धा घ्या. बाबा, ईस घ्या, सगळं घ्या," तो म्हणाला आणि कमरेचा कसा सोडून वर धरला. "म्या खोटं बोललो वो."

वैद्याने आपल्या गड्याला म्हशीकडे पाठवलं, हेडीला मागे घोड्यावर ओढून घेतलं आणि घोडं जितकं पळेल तितकं पळवलं. वाटभर हेडी त्याच्या कानाशी एकच म्हणत होता, "व्हय म्हनतो. व्हय म्हनतो."

गोठ्यात कवड्याचं डोकं मांडीवर घेऊन बायको बसली होती. वैद्य नळी हातात घेऊनच आत शिरला. त्याने कुशीवर हात ठेवला. पापणी उचलून पाहिली. मग बरगड्यांना कान लावला आणि तसाच बराच वेळ राहिला.

हेडी पैशांचा कसा उघडून उभा होता. "किती द्यायचं, बाबा? बोला. किती?"

वैद्य हळूहळू उठला. "काही नाही," तो म्हणाला.

आणि ऐका, लाज वाटते सांगायला, पण एक क्षणभर हेडीचा चेहरा उजळला. आठावरून भाव शून्यावर आला होता. असा सौदा त्याने जन्मात केला नव्हता. मग त्याची नजर बायकोच्या तोंडाकडे गेली, आणि भाव कशामुळे उतरला ते त्याला कळलं.

त्याने पाच रुपये वैद्याच्या हातावर ठेवले. वैद्याने ते पुन्हा त्याच्याच हातावर ठेवले, पिशवी उचलली आणि तो म्हशीकडे निघून गेला. जमलेली माणसं एकेक करून पांगली.

हेडी कवड्याशेजारी खाली बसला. मग तो बायकोला म्हणाला, "मेला तर मेला म्हनालो, ते खरं नव्हतं गं. भाव पाडाया म्हनालो."

"मला ठावं हाय," बायको म्हणाली. ती अजून बैलाच्या कपाळावरून हात फिरवत होती. "पर कवड्याला कसं ठावं आसनार? त्यानं तर तेवढंच ऐकलं."

हेडीने खांद्यावरचं उपरणं काढलं आणि कवड्याच्या अंगावर पांघरलं.

लहान असा की मोठे, या गोष्टीतून घ्यायचं ते एवढंच: आपल्या माणसाचा किंवा जनावराचा जीव जात असेल तेव्हा किमतीची घासाघीस करू नये, कारण आपला सौदा जमेपर्यंत जीव थांबत नाही.