खदिरकाचे हात

फार पूर्वी कुरुंदनगरावर उदयसेन राजाची सत्ता असताना बोधिसत्त्व एका व्यापाऱ्याच्या घरी जन्माला आला. वडिलांच्या मागे पंचवीस बैलगाड्यांचा तांडा त्याच्याकडे आला. एकदा उन्हाळ्यात त्याला दहा दिवसांचे कोरडे रान ओलांडायचे होते. त्या रानाचा वाटाड्या एकच होता, त्याचे नाव खदिरक.

हा खदिरक गुणाचा नव्हता. गाडीवानांच्या शिदोरीतला गूळ तो न विचारता खाई, आणि पकडला की मुंगळ्यांवर ढकली. आपल्याला पाहून वाघ वाट सोडतात असे सांगे. काळ्या डोंगराआड मोठे सरोवर आहे आणि तिथे आपण सात दिवस पोहत होतो, असेही सांगे. तांड्यातला म्हातारा व्यापारी शंखदत्त त्याचे तोंडही पाहत नसे. बोधिसत्त्व मात्र गाडीतून उतरून रोज खदिरकाबरोबर पायी चाले. शंखदत्त हसून म्हणे, "जा बाबा, गूळ चोरायला शीक."

चालता चालता एक गोष्ट बोधिसत्त्वाच्या ध्यानात आली. बढाई मारताना खदिरकाचे हात हवेत नाचत. पाणी शोधताना मात्र तो गप्प होई. कोरड्या नदीच्या वळणावर, बाहेरच्या काठाशी तो गुडघे टेकी, वाळू खोल उकरून मूठभर माती काढी आणि गालाला लावून बसे. गालाला गारवा लागला तरच खणायला सांगे. आठ दिवसांत त्याने दाखवलेला एकही झरा कोरडा निघाला नाही. बोधिसत्त्वही त्याच्या शेजारी बसून माती गालाला लावू लागला.

आठव्या दिवशी पुढच्या पल्ल्यासाठी सगळे रांजण भरून घेतले. नवव्या दिवशी दुपारी बैलांसाठी राखलेला शेवटचा रांजण रिकामा सापडला. खदिरकाने रात्री त्यातले पाणी चोरून प्यायले होते आणि घाईत झाकण नीट न लावल्याने उरलेले गाडीच्या हिसक्याने सांडले होते. गाडीवानांनी त्याला मारले आणि हात मागे बांधून गाडीला जखडले. त्याला सोडून जाऊ असे काही जण म्हणाले. बोधिसत्त्वाने ते होऊ दिले नाही.

दहाव्या दिवशी सकाळीच बैल जुवाखाली बसू लागले. रान संपायला अजून अर्धा दिवस होता आणि पाण्याशिवाय बैल तिथवर पोचणार नव्हते. बैल पडले तर माणसांचेही तेच होणार होते. तेव्हा शंखदत्ताला काळ्या डोंगराआडचे सरोवर आठवले. ज्याला तो इतके दिवस खोटारडा म्हणत होता, त्याच्याच गोष्टीवर आज त्याचा जीव टांगला होता. गाड्या डोंगराकडे वळू लागल्या.

बोधिसत्त्व आडवा उभा राहिला. म्हणाला, "काका, ती गोष्ट सांगताना त्याचे हात हवेत होते. तिकडे पाणी नाही."

"मग कुठे आहे?"

बोधिसत्त्व जवळच्या कोरड्या नदीत उतरला. वळणावर त्याने माती उकरून गालाला लावली. गारवा होता, की त्याला तसे वाटत होते, हे काही कळेना. चुकीच्या जागी खणण्याइतके बळ कुणातच उरले नव्हते. तो परत आला आणि त्याने खदिरकाच्या हातांची दोरी सोडली.

"चोराला सोडतोस?" शंखदत्त म्हणाला.

"चोरी केली ती त्यानेच. पण ही विद्या त्याने चोरलेली नाही," बोधिसत्त्व म्हणाला. मग खदिरकाला म्हणाला, "गुरुजी, एवढी माती बघता का?"

त्याला आजवर कुणी गुरुजी म्हटले नव्हते. खदिरक एक शब्द न बोलता नदीत उतरला. बोधिसत्त्वाने उकरलेली माती त्याने गालाला लावली आणि नकारार्थी मान हलवली. मग दोन हात सरकून पुन्हा उकरले आणि बराच वेळ डोळे मिटून बसला. शेवटी त्याने नुसता तळवा वाळूवर ठेवला.

कमरेइतके खणल्यावर पाणी लागले. बैल प्यायले, मग माणसे प्यायली. खदिरक सगळ्यांत शेवटी प्यायला. तोंड पुसताच तो म्हणाला, "हे तर मी गाडीला बांधलेला असतानाच ओळखलं होतं." गाडीवान हसले, आणि या वेळी शंखदत्तही हसला. मग त्याने आपल्या शिदोरीतला गूळ काढून स्वतःहून खदिरकापुढे धरला. बोधिसत्त्वाने खाली वाकून खदिरकाच्या मातीने भरलेल्या हातांना नमस्कार केला.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, एका तरुण भिक्षूकडे वळले. पर्णकुटी शाकारायला शिकवणारा वृद्ध भिक्षू तापट आणि खादाड आहे, म्हणून त्याच्याकडे जाणार नाही, असे हा तरुण म्हणाला होता. शास्ता म्हणाले, "तो वृद्ध तेव्हा खदिरक होता, तू शंखदत्त होतास आणि तांड्याचा धनी मी होतो. दोष दिसत असूनही गुण ओळखता येणे, हीच प्रज्ञा."

तरुण भिक्षू उठला आणि गवताचा भारा उचलून वृद्धाच्या कुटीकडे चालू लागला.